दोनदा बेतलेले आवरण : एका उघड्या एमजीबीच्या कॉकपिटसाठी कापडी झाकण

गाडी आणि मागणी

या प्रकरणातील गाडी दोन आसनांची, कापडी हूडची (म्हणजे मागे घडी होणाऱ्या कापडी छताची) एमजीबी होती. इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या या मॉडेलपैकी ती सुरुवातीच्या वर्षांतली होती आणि आधीच्या मालकांनी केलेल्या डागडुजीचे बरेच थर तिच्यावर चढलेले होते. सध्याच्या मालकांना संपूर्ण गाडीवर घालायची खोळ नको होती. हूड मागे घडी करून ठेवलेले असताना डॅशबोर्डपासून मागच्या पत्र्यापर्यंतची, म्हणजे माणसे बसतात तेवढीच, जागा झाकणारे आवरण त्यांना हवे होते. अशा आवरणाच्या मधोमध उभी चेन असते. ती उघडून चालकाच्या बाजूचा अर्धा भाग सीटमागे खोचला की शेजारची बाजू झाकलेली ठेवूनही एकट्याला गाडी चालवता येते, आणि ही सोय त्यांना आवर्जून हवी होती.

त्यांच्याकडे जुने आवरण होते. ते रेक्झिनचे असून, आवरण अडकवण्यासाठी गाडीवर बसवलेल्या पुढच्या खुंट्यांपासून चांगले चार बोटे अलीकडेच संपत होते. रेक्झिनला मऊ ठेवणारे द्रव्य ऊन आणि वय यांमुळे हळूहळू निघून जाते, त्याबरोबर ते कडक होते आणि आकसते. शिवाय कोपऱ्यांत ते अनेक वर्षे ओढले जाऊन ताणलेले होते. एकाच तुकड्यात कुठे आकसलेले आणि कुठे ताणलेले असे कापड मापाला उपयोगी पडत नाही. तरीही ते मी टाकू दिले नाही, कारण आवरण कुठे फाटते, कुठे घासते आणि कुठे पाणी धरते हे त्यावर लिहिलेलेच असते. मागचे दोन्ही कोपरे छिद्रांपाशी फाटलेले होते. चेनच्या डाव्या बाजूला, प्रवाशाच्या गुडघ्यांच्या वर येईल अशा जागी, परातीएवढा गोल डाग होता आणि त्याच्या कडा पाणी सुकून राहिलेल्या मळाने काळ्या झालेल्या होत्या. कोपऱ्यांची मी दखल घेतली. डागाची घेतली नाही. पुढे जे घडले त्याचे मूळ बहुतांशी या दुर्लक्षात आहे.

मालकांच्या अटी दोन होत्या : पत्र्याला एकही नवे छिद्र पडू नये, आणि पाऊस आला तरी पाणी सीटच्या मागे उतरू नये. दुसरी अट केवळ गालिचा भिजू नये एवढ्यापुरती नव्हती. या मॉडेलच्या १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या गाड्यांमध्ये सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या मागे, फळीखालच्या खोबणीत बसवलेल्या असतात, आणि आत शिरलेले पाणी नेमके तिकडे वाट काढते.

कशावर काय अडकणार

नवे छिद्र पाडायचे नाही म्हटल्यावर आहे त्या खुंट्यांवरच सगळा हिशेब बेतावा लागतो. मागच्या पत्र्यावर आठ, दारांच्या मागे दोन्ही बाजूंना एकेक आणि डॅशबोर्डच्या वरच्या कडेला चार अशा एकूण चौदा खुंट्या होत्या. दारांवर एकही नव्हती, आणि ते योग्यच होते, कारण दारावर खुंटी असेल तर ते दार उघडण्यापूर्वी दर वेळी आवरण सोडवावे लागते.

खुंट्या एका जातीच्या नव्हत्या. मागच्या बहुतेक टेनॅक्स पद्धतीच्या होत्या, म्हणजे वरची गुंडी उचलल्याशिवाय न सुटणाऱ्या. त्यांतल्या दोन मात्र कुणीतरी साध्या टिचबटणांनी बदललेल्या होत्या. पुढच्या चार लिफ्ट-द-डॉट पद्धतीच्या होत्या. ही पद्धत मला विशेष आवडते. तिची पकड तीन बाजूंनी पक्की असते आणि जिकडे कापडावरच्या कडीच्या पत्रीवर उंच ठिपका उठवलेला असतो त्या चौथ्या बाजूने उचलले तरच ती सुटते. म्हणून ठिपका नेहमी कापडाच्या मोकळ्या कडेकडे ठेवायचा आणि ताण त्याच्या समोरच्या बाजूने यावा असे पाहायचे. उलटे बसवले तर वाऱ्याच्या पहिल्या झटक्याला कापड हातात येते. टिचबटण कुठल्याही बाजूने उपसले तरी सुटते, त्यामुळे फडफडणाऱ्या कडेला ते भरवशाचे नसते. मागची दोन टिचबटणे काढून त्याच छिद्रांत पुन्हा टेनॅक्सच्या खुंट्या बसवाव्यात आणि बसवताना स्क्रूभोवती सीलंट भरावे हे मालकांनी मान्य केले. छिद्राच्या उघड्या कडेला गंज धरतो आणि तो रंगाखालून पसरत जातो, म्हणून नवे छिद्र नको म्हणणाऱ्याने जुन्या छिद्रांकडेही तेवढेच लक्ष दिलेले बरे.

पुढच्या बाजूला दोन अडथळे होते. विंडस्क्रीनच्या मधोमध चौकटीला आधार देणारी आणि आरसा धरणारी एक उभी दांडी असते. आवरणाची पुढची कड तिच्या अलीकडेच थांबवावी लागते. दुसरे म्हणजे दारांच्या पुढच्या टोकाला असलेल्या लहान तिकोनी काचा. आवरणाचा पुढचा कोपरा त्यांच्या आत बसला पाहिजे आणि लगेच मागे दाराच्या काठावरून बाहेर आला पाहिजे. हे वळण कागदावर काढून समजत नाही.

कापड

रेक्झिन पुन्हा वापरायचे नाही हे लवकर ठरले. त्यातून पाणी आत जात नाही हे खरे, पण आतली दमट हवाही बाहेर पडत नाही, आणि ओल्या सीटवर ते घातले की दोन दिवसांत वास सुटतो. सुती कॅनव्हास शिवायला सुखाचा असतो, पण ओलाव्यात त्याला बुरशी धरते. शेवटी निवड झाली ती नौकांच्या छतांसाठी वापरल्या जाणाऱ्या ॲक्रिलिक कापडाची. या कापडाचा धागा विणल्यावर रंगवत नाहीत. धागा ज्या द्रावणातून ओढला जातो त्यातच रंग मिसळलेला असतो, त्यामुळे तो उन्हात सहजासहजी उडत नाही. हे कापड दर चौरस मीटरला सुमारे ३१० ग्रॅम भरते, त्याचा पन्हा साधारण दीड मीटर असतो आणि ते पाणी अडवते तरी हवा खेळू देते. त्याचे उणेपणही सांगायला हवे : ते घासले तर झिजते, आणि पाणी अडवण्याचा गुण त्यावर दिलेल्या लेपाचा असल्यामुळे काही वर्षांनी तो लेप नव्याने द्यावा लागतो.

उभा धागा कुठल्या दिशेला ठेवायचा हा प्रश्न पन्ह्याशी बांधलेला होता. विणलेले कापड सहसा उभ्या धाग्यात सर्वांत कमी, आडव्यात थोडे अधिक आणि उरेबात, म्हणजे तिरक्या दिशेने, बरेच ताणले जाते. दारांवर खुंट्या नसल्यामुळे या आवरणाला ताण मिळणार होता तो फक्त पुढून मागे. म्हणून उभा धागा गाडीच्या लांबीच्या दिशेने ठेवला. आडवा ठेवला असता तर थोडे कापड वाचले असते.

दोरा पॉलिएस्टरचा, टेक्स ९० जाडीचा, सुई ११० नंबरची आणि टाका सुमारे ४ मिलिमीटरचा ठेवला. या कापडाला बारीक टाके घालण्याचा मोह आवरावा. जवळजवळ पडलेल्या छिद्रांची रांग तिकिटाच्या कडेसारखी फाटते. शिवाय पॉलिएस्टरचा दोरा सुती दोऱ्यासारखा भिजून फुगत नाही आणि सुईचे छिद्र बुजवत नाही, म्हणजे जितकी छिद्रे तितक्या पाण्याला वाटा.

साचा

साच्यासाठी जाड, पारदर्शक, जाळीचा धागा आत असलेले प्लास्टिक वापरले, कारण ते ताणले जात नाही आणि त्यातून खालच्या खुंट्या दिसतात. पहिला निर्णय हूडचा होता. हूड घडी करून मागे बसवलेले असते तेव्हा सीटच्या मागे चांगला उंचवटा तयार होतो. ते काढून घरी ठेवले की तोच भाग खोलगट होतो. दोन्ही स्थितींत नीट बसेल असे आवरण बेतता येत नाही, आणि बेतता येते असे सांगणाऱ्याने ते ढगळ तरी शिवलेले असते. मालक हूड कधीच काढत नसल्यामुळे साचा उंचवट्यासह घेतला. गाडी सपाट जमिनीवर उभी केली, सीट ते नेहमी बसतात त्या जागी सरकवल्या, स्टिअरिंग सरळ ठेवले आणि दारे बंद केली. सीटची जागा लिहून ठेवणे हे काम क्षुल्लक वाटते, पण या गाडीतील सीट नंतरच्या काळातल्या, डोके टेकवायला उशी असलेल्या होत्या, आणि त्या उश्या आवरणाच्या पातळीच्या वर येत होत्या. सीट दोन खाचा पुढे असती तर उशीसाठी शिवलेली टोपी रिकाम्या हवेवर बसली असती.

प्लास्टिक मधल्या रेषेवर चिकटपट्टीने धरून तिथून दोन्ही बाजूंना हाताने सारखे करत नेले. ओढले नाही, ताण कापडाला द्यायचा असतो, साच्याला नव्हे. जिथे ते सपाट बसेना तिथे चिरून एकावर एक चढवले आणि चढलेल्या भागाच्या कडा आखल्या, म्हणजे टक्स कुठे आणि केवढा हवा ते आपोआप मिळाले. स्टिअरिंगचे कडे डॅशबोर्डच्या कडेपेक्षा उंच येते. त्यासाठी वेगळा खिसा न करता दोन लांब टक्सनी हलका फुगवटा दिला. उशांच्या टोप्या मात्र वेगळ्या तुकड्यांत कराव्या लागल्या : वरचा लंबगोल, त्याभोवतीची पट्टी आणि मुख्य कापडातला घेर. या तिन्ही कडांवर दर पाच सेंटिमीटरवर जुळणीच्या खुणा केल्या, कारण वळणदार कडा एकमेकींना जोडताना डोळ्यांवर विसंबले तर टोपी पिळवटते.

शिलाईसाठी सगळीकडे १२ मिलिमीटर आणि बाहेरच्या कडेला ४० मिलिमीटर जास्तीचे कापड सोडले. खुंट्यांच्या जागा साच्यावर फुलीने दाखवल्या आणि तिथून त्या कापडावर उतरवल्या. इथे मी स्वतःवर फार खूश होतो.

पहिले आवरण

पहिले आवरण टेबलावर पूर्ण केले. कड दुमडली, गोट लावला, फुल्यांच्या जागी कातड्याचे दुहेरी अस्तर शिवून खुंट्यांवर बसणाऱ्या चौदाही कड्या बसवल्या आणि मगच गाडीवर नेले. मागच्या आठ कड्या लागल्या. बाजूंच्या दोन जोर लावून लागल्या. पुढच्या चारांपैकी मधल्या दोन कशाबशा पोचल्या आणि कोपऱ्यांतल्या दोन खुंटीपासून १४ मिलिमीटर अलीकडेच थांबल्या. दोन माणसांनी ओढून त्या लावल्याही असत्या, पण मग मागचे कोपरे जुन्या आवरणासारखेच छिद्रांपाशी फाटले असते.

साचा पुन्हा गाडीवर घातला तर तो अचूक बसत होता. म्हणजे चूक साचा आणि शिवलेले कापड यांच्या दरम्यान होती. प्रत्येक तुकडा साच्याशी पडताळून पाहिल्यावर तिचा उलगडा झाला. शिलाई कापड थोडे गोळा करते. दोऱ्याचा ताण कितीही सैल ठेवला तरी शिवलेली रेषा न शिवलेल्या रेषेपेक्षा किंचित आखूड होते. बाजूच्या कडेवर दुमडीची एक आणि गोटाच्या दोन अशा तीन रांगा होत्या, आणि सुमारे १.३ मीटर लांबीची ती कड एकूण ११ मिलिमीटरने आकसली होती. उरलेले ३ मिलिमीटर टोपीभोवतीच्या दुहेरी दाबलेल्या शिलाईने खाल्ले होते, कारण तिथे कापडाच्या चार घड्या एकमेकींवर चढून वळतात आणि त्या वळणाला जाडी लागते. मधल्या भागात कडेएवढ्या रांगा नसल्यामुळे मधल्या कड्या पोचल्या आणि कोपऱ्यांतल्या पोचल्या नाहीत.

यावर सगळीकडे एक टक्का जास्त कापड सोडावे असा उपाय सुचवला जातो. तो मला पटत नाही. आकसण्याचे प्रमाण रांगांच्या संख्येवर, दोऱ्याच्या ताणावर आणि त्या दिवशीच्या हातावर ठरते, शिवाय मधे एक आणि कडेला दुसरे असते; सरसकट टक्का वाढवला की कोपरे पोचतात आणि मध्य ढिला पडतो. खरे उत्तर क्रमात आहे : आधी सर्व शिवण पूर्ण करावे, बाहेरची कड आणि कड्या मात्र शिल्लक ठेवाव्यात, आणि शिवलेले कापड गाडीवर ताणून खुंटी जिथे दाबून उमटेल तिथेच कडी बसवावी. साच्यावरची फुली केवळ अंदाजासाठी असते. हे मला माहीत नव्हते असे नाही. टेबलावर चौदा कड्या बसवायला एक तास लागतो आणि गाडीवर वाकून बसवायला अर्धा दिवस, एवढेच त्यामागचे कारण.

कड्या बसवायला छिद्रे पाडलेली असल्यामुळे पहिले आवरण दुरुस्त करता आले नाही. पण टोप्या आणि फुगवटा नीट बसले होते, तेव्हा ते कोपऱ्यांत दोरीने बांधून पाण्याच्या चाचणीसाठी वापरायचे ठरवले. वाया गेलेल्या कापडाची ती सर्वांत चांगली वसुली ठरली.

डबके

आत सीटवर आणि फळीवर कोरडे टिपकागद पसरले आणि वरून वीस मिनिटे नळीने बारीक फवारा सोडला. पहिल्या पाच मिनिटांत पाणी चांगले वाहून गेले. मग प्रवाशाच्या बाजूला, चेनच्या डावीकडे, एक खळगा दिसू लागला आणि पाहता पाहता तो वाढला. चाचणी संपली तेव्हा त्याचा व्यास सुमारे ४० सेंटिमीटर आणि खोली ६ सेंटिमीटर होती. म्हणजे जवळजवळ चार लिटर पाणी, चार किलो वजन, एका ठिकाणी टांगलेले. खळगा ३ सेंटिमीटर खोल असताना त्यात दोन लिटरांहून थोडे कमी होते. जितके पाणी साचते तितके कापड खाली जाते आणि जितके खाली जाते तितके अधिक पाणी तिथे येते. सुरुवात झाली की ती स्वतःहून थांबत नाही. या कापडावरून थेंब घरंगळून जातात, पण चार किलोचे डबके तासभर दाबत राहिले की पाणी विणीतून पाझरते, आणि शिलाईच्या छिद्रांतून त्याआधीच.

जुने रेक्झिनचे आवरण आणून शेजारी पसरले. त्यावरचा गोल डाग आणि हे डबके यांची जागा वितीच्या आत जुळत होती.

डाग डावीकडेच का, याचे उत्तर आता समोर होते. गाडीचे स्टिअरिंग उजवीकडे आहे. उजव्या बाजूला त्याचे कडे कापडाला खालून आधार देते आणि पाणी तिथून दाराकडे उतरते. डाव्या बाजूला डॅशबोर्डपासून सीटच्या पाठीपर्यंत खाली काहीच नाही. ताण पुढून मागे आहे, पण दारांवर खुंट्या नसल्यामुळे आडवा ताण द्यायला कुणीच नाही. आणि एकाच दिशेने ताणलेले कापड मधे झोळीसारखे खाली येणारच. ते आणखी घट्ट केल्याने काम भागत नाही. घट्ट केले की खळगा उथळ सुरू होतो, पण सुरू होतो. तुटपुंजा उतार पाण्याच्या पहिल्या लिटरभर वजनाने उलटा होतो आणि मग बाकीचे आपोआप घडते.

सीटवर फुगवलेला चेंडू किंवा उशी ठेवणे हा सोपा उपाय आहे आणि तो चालतो. पण तो विसरला जातो, शिवाय प्रवाशाची बाजू झाकून गाडी चालवायची असेल तर सैल चेंडू आत नको असतो. आवरणाखालून पुढून मागे पट्टा ताणून बांधणे हा दुसरा. त्याने खळगा दोन लहान खळग्यांत वाटला जातो. मी निवडला तो तंबूचा मार्ग. दुसऱ्या आवरणात चेनच्या डाव्या काठालगत, तिच्यापासून ४ सेंटिमीटरवर, खालच्या बाजूने एक लांब अरुंद खिसा शिवला आणि त्यात ६ मिलिमीटर जाडीची फायबरग्लासची दोन तुकड्यांत जोडली जाणारी दांडी घातली. तिचे पुढचे टोक आरशाच्या दांडीच्या पायथ्याशी कातड्याच्या टोपणात बसते आणि मागचे हूडच्या उंचवट्यावर. खिसा दांडीपेक्षा थोडा आखूड ठेवल्यामुळे ती आत घालताना कमानीसारखी वर वाकते आणि मध्यभागी कापडाला साधारण ७ सेंटिमीटर उचलून धरते.

दांडी अगदी मधोमध न ठेवता चेनलगत ठेवण्यामागे विचार होता. आवरणाचा कणा तिथे आल्यावर चेन सर्वांत उंच भागाला लागून राहते, म्हणजे तिच्यावर पाणी थांबत नाही. डावीकडचे सगळे कापड कण्यापासून दारापर्यंत एकसंध उतरते. उजवीकडे स्टिअरिंगचे कडे कण्यापेक्षा खाली असल्यामुळे उतार त्यावरून पुढे चालू राहतो. टोप्यांच्या शिलाईची दिशाही याच वेळी बदलली. पहिल्या आवरणात पट्टीची कड मुख्य कापडाच्या खाली गेली होती आणि तिथे पाण्याला घर मिळाले होते. दुसऱ्यात कौलांप्रमाणे वरचा तुकडा खालच्यावर चढवला आणि आतून शिलाईवर पातळ सील-पट्टी दाबली.

दारांच्या काठांवर आवरण ५ सेंटिमीटर बाहेर लोंबू दिले. दोन टोकांना खुंटी असलेली मोकळी कड ताणली की सरळ रेषेत यायला पाहते, दाराचा काठ मात्र बाहेरून गोलाई घेतो. त्यामुळे ताणलेली कड आत सरकून सीटवर पडण्याचा धोका होता. कडेच्या दुमडीत वाकणारी पण चुणी न पडणारी प्लास्टिकची पट्टी सरकवल्यावर ती दाराच्या आकारात राहिली. कडेच्या आतल्या बाजूला मऊ फ्लॅनेल लावले, कारण कापडात अडकलेली धूळ आणि चालत्या गाडीतील कंप मिळून रंगावर पॉलिश-कागदाचे काम करतात.

चेन आणि वारा

चेन दहा नंबरची, प्लास्टिकच्या ओतीव दातांची घेतली. धातूची चेन पावसात गंजते आणि नेमकी घाईच्या वेळी अडते. तिच्यावरची झाकणपट्टी डाव्या, म्हणजे उंच बाजूला शिवली, जेणेकरून पाणी तिच्यावरून उजवीकडे जाईल आणि खाली शिरणार नाही.

चेन उघडून, अर्धे आवरण मागे खोचून गाडी चालवून पाहिली तेव्हा दांडीचा एक फायदा दिसला जो मी मोजला नव्हता. उघड्या गाडीत विंडस्क्रीनवरून गेलेला वारा मागे जाऊन उलटा फिरतो आणि सीटच्या मागून पुढे येतो. बसलेल्यांचे केस पुढे उडतात ते यामुळे. हा उलटा वारा झाकलेल्या अर्ध्या भागाच्या मोकळ्या कडेखाली शिरून तिला उचलतो. पहिल्या आवरणाची ती कड दोरीने बांधलेली असूनही सतत फडफडत होती आणि चेनचे दात सीटच्या बाजूवर आपटत होते. दुसऱ्यात ती कड दांडीने ताठ धरलेली असल्यामुळे नेहमीच्या वेगाला शांत राहिली. त्याहून जास्त वेगाला तिच्यात थरथर येते. मालकांना मी तेव्हा आवरण काढून ठेवायला सांगितले आहे.

दुसरे आवरण बसवताना

या वेळी कड्या गाडीवर बसवल्या. सुरुवात मागच्या मधल्या दोनांपासून केली, मग त्यांच्या समोरच्या पुढच्या मधल्या दोन, मग मागे एकेक पाऊल बाहेरच्या दिशेने आणि कोपरे सर्वांत शेवटी. प्रत्येक ठिकाणी कापड हाताने ताणून खुंटीवर दाबले, उमटलेल्या वळावर खडूने टिंब काढले आणि त्यापासून ४ मिलिमीटर आतल्या बाजूला छिद्र पाडले. हे ४ मिलिमीटर म्हणजे कायमचा ताण. नवे कापड पहिल्या काही उन्हा-पावसांत थोडे सैलावते. आज सहज लागणारे आवरण महिनाभराने लोंबते. जास्तीची कड कड्या बसल्यावरच कापली आणि गोट शेवटी, हाताशी घेऊन शिवला. त्या एका रांगेनेही कड २ मिलिमीटर आकसली, पण तोवर कड्यांची अंतरे ठरून गेलेली होती आणि त्यांच्या बाहेरचा काठ थोडा आखूड झाल्याने काही बिघडत नव्हते.

नळीची चाचणी पुन्हा वीस मिनिटे घेतली. डबके झाले नाही. टिपकागदांवर दोन ठिकाणी ओल आली : एक डाव्या टोपीच्या मागच्या वळणावर, जिथे सील-पट्टी उचलली गेली होती, आणि दुसरी विंडस्क्रीनच्या पायथ्याशी. पहिली जागा त्याच दिवशी दुरुस्त केली. दुसरी दुरुस्त होण्यासारखी नव्हती. पुढची कड आरशाच्या दांडीच्या अलीकडे थांबत असल्यामुळे काचेच्या आतल्या बाजूने ओघळणारे पाणी डॅशबोर्डच्या पुढच्या पट्टीवर पडणारच. तिथे मी कडेखाली गुंडाळलेल्या कापडाची बोटभर जाड वळी लावली. ती पाणी अडवून दोन्ही टोकांकडे, दारांच्या दिशेने नेते. सरी जोरदार असतील तर डॅशबोर्डचा तेवढा भाग ओला होतो आणि पुसावा लागतो, हे मालकांना आवरण देतानाच सांगितले.

वर्षभरानंतर

वर्षभराने आवरण पुन्हा पाहायला मिळाले. कापड अपेक्षेप्रमाणे सैलावले होते आणि बाजूंच्या दोन कड्या आता अंगठ्याच्या जोराने लागत होत्या. बॅटरीवरची फळी कोरडी होती. डाव्या बाजूला गोल डाग नव्हता. दांडीचा खिसा पुढच्या टोकाला झिजला होता, कारण तिथे कातड्याचे टोपण संपून कापड सुरू होते आणि दांडीचा सगळा दाब त्या बोटभर जागेवर येतो. टोपण पाच सेंटिमीटरने लांब करून दिले.

एक तक्रार होती. थंड सकाळी पुढची डावी कडी लागत नाही, असे मालकांचे म्हणणे होते. आवरण घालताना पाहिले तेव्हा कळले की ते दांडी आधी बसवत आणि कोपरे नंतर ओढत. दांडी कमान धरते तेव्हा कापड वर उचलले जाते आणि कोपऱ्याला पोचायला कमी पडते. कोपरे आधी लावून दांडी शेवटी घातली की कडी सहज लागते. तोंडी सांगितलेला क्रम विसरला जातो, म्हणून प्रत्येक कडीच्या आतल्या कातड्यावर मी पांढऱ्या दोऱ्याने तिचा आकडा शिवून दिला, आणि दांडीच्या खिशाच्या तोंडाशी पंधरा.